लेथवरची लेखणी

शाळेत 'माझा आवडता छंद' हा निबंध आपण सर्वांनी लिहिला आहे. वर्गातली निम्मी मुले पोस्टाची तिकिटे जमविणे लिहीत आणि उरलेली बागकाम लिहीत. ज्यांच्या घरी वर्षातून दोन पत्रे येत आणि ज्यांच्या दारात एक कुंडी ठेवायलाही जागा नसे, तीही तेच लिहीत. आपल्या वस्त्यांतून छंद हा शब्द असा परीक्षेपुरताच होता. आई-वडिलांना काम होते आणि काम नसले की कामाची काळजी होती. थोडी फुरसत मिळालीच तर ती विहाराच्या बांधकामाला, जयंतीच्या वर्गणीला आणि मोर्चाला जात असे. त्या फुरसतीतूनच आजची आपली पिढी उभी राहिली, हे आम्ही विसरत नाही.

परंतु आता आपल्यापैकी अनेकांना रविवार मिळतो. त्या रविवारचे काय करायचे, हा प्रश्न घराघरात आहे. टी.व्ही. आणि मोबाइल यांनी तो आपल्यासाठी परस्पर सोडवून टाकला आहे. नाशिकमध्ये आम्ही पाच मित्रांनी तीन वर्षांपूर्वी यातून वेगळी वाट काढली. आम्ही लाकडाची पेने बनवितो. आमच्यात दोघे कारकून आहेत, एक शाळेत शिपाई, एक रिक्षाचालक आणि पाचवे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. त्यांना आम्ही सारे नाना म्हणतो. वर्गणी काढून एक लहान जुना लेथ घेतला आणि एकाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बसविला. रविवारी विहारातील वंदना आटोपली की आम्ही तेथे जमतो. या छंदातून आम्हाला जे मिळाले आणि जे प्रश्न पडले, ते समाजबांधवांपुढे ठेवावेत म्हणून हा लेख.

पेन कसे घडते

आधी काम समजून घेऊ. सुमारे पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड असा सुकलेल्या लाकडाचा चौकोनी ठोकळा घ्यायचा. तो मधोमध कापून त्याचे दोन तुकडे करायचे. कापण्यापूर्वी पेन्सिलीने खूण करून ठेवायची, म्हणजे पेन तयार झाल्यावर वरच्या आणि खालच्या भागातील लाकडाच्या रेषा एकमेकींना जुळतात. मग प्रत्येक तुकड्याला लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडायचे. बारीक पेनाला ते ७ मिलिमीटरचे लागते. या भोकात खरी परीक्षा असते. ड्रिल घाईने दाबला तर लाकूड तापते, भोक वाकडे जाते आणि ठोकळा कडेने फुटतो.

भोकात पितळी नळी चिकटवितात. नळी बाहेरून पॉलिश पेपरने खरवडून घेतली तरच ती धरते. चिकट पदार्थ पुरता वाळला की दोन्ही टोके काटकोनात सपाट करायची आणि ते दोन तुकडे एका लोखंडी सळईवर मण्यासारखे ओवायचे. त्यांच्या कडेला ठराविक मापाचे बुश बसतात. लाकूड कोठवर उतरवायचे ते हे बुश सांगतात. सळई लेथवर चढली, मोटर सुरू झाली की गोल पटाशी टेकवायची. सुरुवातीला चौकोनी कडा पटाशीला ठोकर देतात आणि टकटक असा आवाज येतो. कडा गेल्या, लाकूड गोल झाले की तो आवाज थांबतो आणि सळसळ सुरू होते. नाना डोळे मिटूनही नुसत्या आवाजावरून सांगतात, आता किती राहिले.

त्यानंतर सपाट पटाशीने हलक्या हाताने आकार द्यायचा. मग पॉलिश पेपर. आधी १५०, मग २२०, ३२०, ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा. प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हाताने घासावे लागते, नाहीतर गोल ओरखडे राहतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्तच उठून दिसतात. शेवटी लाखेचे पॉलिश किंवा मेण. मग टोक, आतली फिरकी, क्लिप आणि टोपण व्हाइसमध्ये हळूहळू दाबून बसवायचे, रिफिल घालायची आणि पेन तयार. हे धातूचे सुटे भाग तयार संचात मिळतात. ते आम्ही इंटरनेटवरून मागवितो. पहिल्या पेनाला आम्हाला सबंध रविवार लागला. आता दोन-अडीच तासांत होते.

फाउंटन पेनाची गोष्ट निराळी. त्याचे टोपण आणि दांडा यांना आटे पाडावे लागतात आणि आत शाई राहायची असते. त्यासाठी एबोनाईट वापरतात. रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून केलेले ते कडक रबर. ते लाकडासारखे कातता येते आणि शाईने खराब होत नाही. आंध्रातील राजमहेंद्रीला १९३०च्या दशकात के. व्ही. रत्नम यांनी अशी हातची पेने बनविण्याचे काम उभे केले. तामिळनाडूतील तिरुवल्लूरची 'रंगा' पेनेही लहान लेथवर हाताने कातलेली असतात. आपल्या नागपूरला 'कॅनराइट' हे फाउंटन पेनाच्या निबा बनविणारे नाव आहे. म्हणजे हा छंद काही केवळ परदेशातील श्रीमंतांचा नाही. या देशात त्याची पाळेमुळे आहेत आणि ती कारागिरांच्या घरात आहेत.

लाकूड कोठून आणावे

लाकूड विकत आणण्याची गरज क्वचितच पडते. जुन्या नाशकातले वाडे पडत आहेत. त्यांचे सागवानी खांब, चौकटी आणि तुळया भंगारात निघतात. खिळे काढून घेतले की त्यातला हातभर तुकडा दहा पेनांना पुरतो, आणि लाकूड इतके जुने की ते आणखी सुकण्याचा प्रश्नच नसतो. खेड्याकडून येणारे भाऊबंद बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका आणून देतात. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला चालते इतकी चिवट. चिंचेचा आतला गाभा काळपट निघतो आणि त्याला पॉलिश सुंदर चढते. बोरीचे लाकूड तांबूस आणि घट्ट असते.

नाशिक जिल्हा द्राक्षांचा. बाग जुनी झाली की शेतकरी वेली उपटून टाकतात आणि ती खोडे सरपणात जातात. अशाच एका बागेत मजुरी करणाऱ्या बहिणीने आम्हाला दोन खोडे आणून दिली. द्राक्षाचे खोड पीळदार. ते घाईने सुकविले की तडकते. म्हणून टोकांना मेण लावून सावलीत ठेवले आणि वर्षभर त्याला हात लावला नाही. तरीही निम्मे तुकडे तडकलेच. उरलेल्यांची पेने झाली. त्यातले पहिले त्या बहिणीला दिले. ज्या वेलीची छाटणी तिने वर्षानुवर्षे केली, तिचे पेन तिच्या मुलाच्या दप्तरात गेले.

एका उपासकाने भक्तिभावाने पिंपळाची वाळलेली फांदी आणून दिली. बोधिवृक्षाच्या लाकडाचे पेन करा, ते आम्ही पूजेच्या जागी ठेवू, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना समजावून सांगितले. एक तर पिंपळाचे लाकूड हलके आणि मऊ, पटाशीखाली त्याचे तंतू उपटून येतात. दुसरे असे की, गंडेदोरे टाकून आलेल्या माणसांनी नव्या गंड्याची सोय करू नये. पेन लिहिण्यासाठी असते. ते खिशात असावे, चौरंगावर नव्हे. त्यांना ते पटले, आणि त्यांनी बाभळीचे पेन आनंदाने नेले.

माउलीचा प्रश्न

आमच्यातील एकाच्या आईने सिन्नरला विड्या वळून चार मुले शिकविली. आज त्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. एका रविवारी त्या शेडमध्ये आल्या. आमच्या अंगावर भुसा, केसांत भुसा. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "का रे बाबांनो, बाबासाहेबांनी तुमच्या हातात पेन दिलं ते लिहायला दिलं. तुम्ही ते घडवायला कशाला बसले? आमच्या मागच्यांनी लाकडं फोडली, ढोरं ओढली. तुम्हाला शिकवलं ते खुर्चीवर बसायला. आन सुट्टीच्या दिवशी तुम्ही परत भुशात?"

आम्ही हसून वेळ मारून नेली नाही. प्रश्न खरा होता. गावगाड्यात सुताराकडे रंधा होता, लोहाराकडे भाता होता, कुंभाराकडे चाक होते. त्यांचीही पिळवणूक होती. पण त्यांच्या हाताला हत्यार होते आणि हत्याराबरोबर कसब होते. आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय आले? घुंगुरकाठी, सरकारी टपालामागची पायपीट, मेलेली जनावरे, आणि केव्हाही हाक आली की धावणे. महार वतनाचे हे जोखड कायद्याने गेले ते १९५८ साली. अंगमेहनत सगळी आपली, पण हुन्नर शिकण्याची मुभा नाही आणि अक्षर शिकण्याची तर नाहीच नाही. म्हणून आपल्या घरात हाताचे काम म्हटले की अपमान आठवतो आणि पेन म्हटले की सुटका आठवते. त्या माउलीच्या बोलण्यात हा सारा इतिहास होता.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाच्या आडमुठेपणामुळे झालेच नाही. ते पुढे पुस्तकरूपाने आले. त्यात त्यांनी दाखवून दिले की जातीने समाजातील कामे वाटली एवढेच झाले नाही, काम करणाऱ्या माणसांनाच तिने वरखाली कप्प्यांत कोंबले. आणि माणसाची आवड किंवा कुवत न विचारता जन्मावरून त्याचा धंदा ठरविला. म्हणजे दोष हाताच्या कामात नव्हता. निवड नसण्यात होता. आम्ही पटाशी धरतो ती आमच्या मर्जीने धरतो आणि कंटाळा आला की खाली ठेवतो. आमच्या आजोबांना हे दोन्ही करता येत नव्हते.

म्हणूनच एक धोकाही येथे स्पष्ट सांगितला पाहिजे. मद्रास राज्यात १९५३ साली राजाजींच्या सरकारने एक योजना आणली. प्राथमिक शाळेतील मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. हा वर्णव्यवस्थेचा मागच्या दाराने प्रवेश आहे, हे ओळखून पेरियार आणि इतरांनी मोठा विरोध केला. १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि योजनाही गेली. आजही गोड भाषेत कोणी सांगतात की, तुमच्या मुलांना पदवी कशाला, हाताला कौशल्य असले की पुरे. अशांना एकच विचारावे, आपली मुले कोणत्या वर्कशॉपमध्ये आहेत?

बाबासाहेबांची भूमिका याहून अगदी वेगळी होती. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी मागणी होती, आणि तिच्याच जोडीला तांत्रिक शिक्षणाचीही होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यांनी मागितले. आपल्या नाशिकरोडचा छापखाना, मनमाडचा रेल्वेचा कारखाना येथे ज्यांचे वडील लागले, त्यांना या मागणीचे मोल सांगायला नको. विलायतेतील पदवी आणि कारखान्यातील हुन्नर ही दोन्ही दारे त्यांना एकदम उघडून हवी होती. एकाच्या बदल्यात दुसरे, असा सौदा त्यांनी केला नाही.

भमकार

आता धम्माकडे येऊ. इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आलेले अनेक उपासक-उपासिका हे पान वाचत असतील. श्वास लांब असेल तर लांब आहे असे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे असे जाणावे, ही आनापानसतीची शिकवण त्यांना ठाऊक आहे. पण महासतिपट्ठान सुत्तात भगवंतांनी या ठिकाणी दृष्टांत कोणाचा दिला, हे पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नसते. दृष्टांत आहे लाकूड कातणाऱ्या कारागिराचा आणि त्याच्या हाताखालच्या शिकाऊ पोराचा. पालीत त्याला भमकार म्हटले आहे. कुशल भमकार लांब फेर घेतो तेव्हा लांब घेतो आहे हे जाणतो, आखूड घेतो तेव्हा आखूड हे जाणतो. भिक्खूने श्वासाकडे तसे पाहावे.

आम्ही हे नानांना वाचून दाखविले तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "तीस वर्षं लेथवर काढली. कोणी सांगितलं नाही की आपलं काम सुत्तात आहे. पण बरोबर आहे ते. लांब कट घेताना माणूस त्या कटातच पाहिजे. मन घरी गेलं की टूल खाल्लंच, आणि जॉब उडाला."

ध्यान म्हणजे काय हे समजावून सांगायला भगवंतांना राजा आठवला नाही, पुरोहित तर नाहीच. त्यांना लेथवरचा कामगार आठवला. धम्मपदाच्या पंडितवग्गातही मनाला वळण लावणाऱ्या शहाण्या माणसाच्या शेजारी लाकूड घडविणारा सुतार आणून बसविला आहे. ज्या परंपरेने हाताने काम करणाऱ्याला पायाशी बसविले, तिच्यापेक्षा ही परंपरा किती निराळी आहे!

याचा पुरावा आपल्या गावातच आहे. त्रिरश्मी लेणी आपण पौर्णिमेला पाहतो, पण तेथील शिलालेख क्वचितच कोणी समजून घेतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २०००, महिना शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा खर्च चालायचा. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हाला हा हिशेब वाचताना मोठी मौज वाटली. आज ज्या वर्गाला बँकेत कर्ज मागताना दहा हेलपाटे घालावे लागतात, त्या वर्गाच्या संघटनेवर दोन हजार वर्षांपूर्वी राजघराण्यातला माणूस कायमची ठेव विश्वासाने ठेवीत होता! तेथीलच दुसऱ्या एका लेखात आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार घडविणाऱ्या धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव तर दगडावर कोरलेले आजही वाचता येते. कारागिराचे नाव दारावर कोरणारी ही संस्कृती आपली आहे.

पेनाने लढलेला लढा

हात आणि लेखणी यांची सांगड नाशिकला नवी नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो कित्येक वर्षे चालला. त्या काळात बाबासाहेब कधी मुंबईला, कधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला. नाशिकची आघाडी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सांभाळीत होते. दोघांमधला दुवा होता तो पत्रांचा. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना सत्याग्रह थांबविण्यामागचा आपला विचार कळविला. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा केला नव्हता, त्यांच्यात जाग यावी म्हणून केला होता. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली. दादासाहेबांनी ही पत्रे जपून ठेवली म्हणून आज ती छापील स्वरूपात आपल्या हाती आहेत. चांगल्या फाउंटन पेनांची बाबासाहेबांना हौस होती, हे त्यांच्या सहवासातील माणसांनी लिहून ठेवले आहे. त्या हौसेचे व्याज साऱ्या समाजाला मिळाले.

संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नाही, हातानेच लिहिलेली आहे. मसुदा समितीने शब्द दिले, आणि प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सहा महिने बसून ते सुंदर अक्षरांत उतरविले. त्यासाठी ३०३ क्रमांकाच्या शेकडो निबा झिजल्या असे सांगतात. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. आपल्या हक्कांचा दस्तऐवज असा बुद्धी आणि हात दोघांनी मिळून सिद्ध केला आहे.

मुले लेथवर येतात तेव्हा

गेल्या दोन मे महिन्यांच्या सुट्टीत आम्ही विहारातील आठवी-नववीच्या मुलांना हे काम शिकविले. मुलगे आले आणि मुलीही आल्या. भोक पाडणे आणि सुरुवातीचे कातणे नानांच्या हाताखाली, पॉलिशचे काम सर्वस्वी त्यांचे. आम्ही एकच अट घातली. आपले पेन तयार झाले की त्याने पहिल्यांदा एक पान लिहायचे, आणि विषय असा, की माझ्या आजीने किंवा आजोबांनी आयुष्यभर कोणते काम केले. घरी जाऊन विचारायचे, मग लिहायचे.

ती पाने आमच्याजवळ आहेत. एकाचे आजोबा गिरणा धरणाच्या कामावर माती वाहणारे. एकीची आजी नगरपालिकेत झाडूवाली, पहाटे चारला निघणारी. आणि सिन्नरच्या त्या माउलीची नात आमच्या वर्गात होती. तिने लिहिले की, माझ्या आजीला हजार विड्यांवर मजुरी मिळायची. त्यातल्या काही विड्या कारखानदाराचा माणूस 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. हे मला आजपर्यंत माहीत नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

ते पान तिने आजीला वाचून दाखविले. आजीने पेन हातात घेतले, फिरवून पाहिले, अंगठ्याने घासून पाहिले. मग मुलाला विचारले, "हे विकायचं का?" तो म्हणाला, "नाही आई, हे तिचंच." "मग असू द्या," त्या म्हणाल्या. "जे केलं ते घरात राहतंय, तर करा." त्यानंतर भुशाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. उलट त्यांच्या जुन्या घराच्या सागवानी चौकटीचा तुकडा त्यांनी पाठवून दिला.

नानांचेही असेच. कारखान्यात त्यांनी हजारो भाग कातले. सगळे ड्रॉइंगप्रमाणे, सगळे दुसऱ्याचे. त्यातला एक भाग कोठे बसला, कोणत्या यंत्रात फिरला, त्यांना कधी कळले नाही. स्वतःच्या मनाने एखादी वस्तू करावी, याला कारखान्यात वाव नव्हता. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी पहिल्यांदा ड्रॉइंगशिवाय काही केले. ते चिंचेचे पेन नातवाला दहावीच्या परीक्षेसाठी दिले. नातवाने पेपर लिहिले ते बाजारच्या जेल पेनानेच, त्याची त्याला सवय होती. नानांनी मनावर घेतले नाही. हॉलतिकिटावरची सही मात्र त्याने आजोबांच्या पेनाने केली.

एक गोष्ट आम्हाला या मुलांत दिसली. ज्याला वर्गात गणित नको वाटते, तो ७ मिलिमीटर आणि साडेसात मिलिमीटर यांतला फरक बरोबर ओळखतो. ज्याचा बाप टर्नर आहे हे मित्रांना सांगायला तो लाजत होता, तो आता बापाला विचारतो की तुमच्याकडे चक कसा लावतात. कारकुनी नोकऱ्या आटत चालल्या आहेत, कायमच्या जागी कंत्राटी माणसे आली आहेत, हे आपण रोज पाहतो. अशा वेळी आपल्या मुलाला शिकून इंजिनिअर व्हावेसे वाटले, आयटीआय करावेसे वाटले किंवा इतिहासाचा प्राध्यापक व्हावेसे वाटले, तरी त्याची निवड लाजेपोटी होऊ नये. आणि जो बाप हातांनी काम करून त्याला शिकवितो, त्याच्याविषयी घरात मान असावा. छंदाने एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

ज्यांना करावेसे वाटेल त्यांच्यासाठी

पहिल्या दिवशी यंत्र विकत घेऊ नका. आपल्या ओळखीत टर्नर किंवा सुतारकाम करणारा कोणी ना कोणी असतोच. त्याच्याकडे चार रविवार बसा. मग चौघांनी मिळून जुना लेथ घ्या. कर्ज काढून छंद करू नये. विहार समितीकडे जागा असेल तर यंत्र सर्वांचे होते आणि मुलांनाही येता येते.

डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. लेथसमोर सैल बाही, ओढणी, गळ्यातला दोरा, मोकळे केस चालणार नाहीत. हातमोजे तर मुळीच नकोत, ते अडकले की हात ओढला जातो. नाका-तोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ छातीत साठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. जे आपल्या बांधवांना पोटासाठी सोसावे लागले, ते छंदासाठी सोसण्याचे कारण नाही. पटाशी नेहमी धारदार ठेवा. बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि दगा देते.

अलीकडे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला हार-फुले आणि मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन अर्पण करण्याची चांगली चळवळ आपल्यात रुजली आहे. ती पेने खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत जातात. तेथे पेने भरपूर लागतात आणि ती बाजारचीच लागणार. आमच्या लेथवर ती गरज भागणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून वही-पेनांची वर्गणी आम्ही पूर्वीसारखीच देतो. लेथवरचे पेन वेगळ्या कामासाठी आहे. ते ज्याने केले त्याने त्याने आपल्या घरची एक खरी गोष्ट लिहून ठेवावी, एवढ्यासाठी आहे. आपल्या आजी-आजोबांचे आयुष्य कोणत्याही गॅझेटियरमध्ये आलेले नाही. ती माणसे आज आहेत, विचारले तर सांगतात. उद्या विचारायला कोणी नसेल.

नाशकातील ज्या बंधू-भगिनींना यावेसे वाटेल त्यांनी एखाद्या रविवारी अवश्य यावे. चष्मा आणि मास्क आमच्याकडे आहेत. लाकूड मात्र आपल्या घरचे आणावे. मोडलेल्या पाटाचा, जुन्या चौकटीचा, कुऱ्हाडीच्या दांड्याचा, कसलाही पाच इंच तुकडा चालेल.

जयभीम.